पृथ्वी फिरवणारं बोट

राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयाच्या घुमटाखाली एक जड लंबक झुलत असतो. त्याच्याभोवती वर्तुळात लहान लाकडी खुंट्या उभ्या केल्या आहेत. पृथ्वी फिरते, म्हणून लंबक हळूहळू एकेक खुंटी पाडत जातो, असं तिथल्या फलकावर लिहिलं आहे.

त्या दिवशी मी तिथे होतो, तेव्हा एक शाळा आली होती. बराच वेळ झाला तरी खुंटी पडेना, आणि दुसरी शाळा दाराशी खोळंबलेली. शेवटी गाईडने वाकून एक खुंटी बोटाने हळूच आडवी केली.

"बघा, पृथ्वी फिरली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, ती तुम्ही पाडलीत," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

"पडणारच होती गं बाळा."

"मग पडू द्यायची ना."

"सायली, रांगेत चल," बाई म्हणाल्या. "पुढे डायनासोर आहे."

भव्य घुमटांविषयी मला पहिल्यापासून शंका आहे. त्यांच्याखाली माणसं विचारण्याआधी मान डोलवायला शिकतात. देवळात निदान तशी अपेक्षा तरी उघड असते. सायली मात्र उलटी चालत गेली. नजर पुढच्या खुंटीवर.

तिच्या वतीने मी थांबलो. दुसरी शाळा पाणी प्यायला गेली होती, दालनात गाईड आणि मी एवढेच उरलो होतो. लंबक येत-जात राहिला, आणि एका झोक्याला खुंटीला टेकला. ती पडली.

गाईड दचकला. पंख्याकडे बघत म्हणाला, "वाऱ्याने पडली असेल."