पहिल्या वाफ्यातला ओरिन

ओरिनची राख पहिल्या वाफ्यात टाकायला मार्लिसने सगळ्यांच्या देखत नकार दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या डोंगरावरच्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी टाकलं नाही, कारण माझ्या शेळ्यांच्या लेंड्या तिच्याकडे जातात आणि तिच्याकडचा पाला माझ्या शेळ्यांना येतो, त्यामुळे अबोला मला परवडणारा नव्हता. पण राग मलाही आला होता. ज्या माणसाबरोबर एका छपराखाली जन्म काढला, त्याची शेवटची एवढीशी इच्छा, आणि या बाईला काळजी कसली, तर वाफ्याची.

मार्लिस मिनेसोटातल्या गवळ्याची मुलगी. आम्ही बाकीचे शहरांना कंटाळून, गिटारी आणि पुस्तकं घेऊन या डोंगरावर आलो होतो आणि आम्हाला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी स्वतः तोडीतून वाचलेल्या उंच रेडवूड झाडांच्या दाट सावलीत टोमॅटो लावले होते आणि ते का येत नाहीत म्हणून रडले होते. मार्लिसने आल्या दिवशी मूठभर माती उचलली, हुंगली आणि म्हणाली, ही उपाशी आहे. लाकूडतोड्यांनी झाडं नेली होती, उरलंसुरलं पावसाने नदीत नेलं होतं, आमच्या वाट्याला आली होती ती पिवळी चिकट माती. आधी हिला जेवू घाला, मग हिच्याकडे काही मागा, असं ती म्हणाली. आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, गवळ्याची पोर, शेणाशिवाय हिला दुसरं काय सुचणार.

मग तिची पिंपं सुरू झाली. खाली किनाऱ्यावरच्या शेल्टर कोव्ह गावच्या कोळ्यांकडून माशांची मुंडकी आणायची, काकवीत मुरत घालायची. अंगाला लागली तर आग होते ती रानटी पानं पाण्यात कुजवायची. तांदळाचं धुवण ताकासारखं आंबवायचं. खेकड्यांची कवचं कुटायची, ओकच्या झाडांखालचा अर्धा कुजलेला पालापाचोळा पोत्यांनी ओढून आणायचा. त्या पिंपांचा वास असा, की नव्या माणसाला तिचा पत्ता सांगताना आम्ही म्हणायचो, दुसऱ्या फाटकातून आत शिर आणि पुढे नाकाने जा. ती वाफा कधी खणायची नाही. वरून घालायची, पाल्याने झाकायची आणि सोडून द्यायची. तिसऱ्या उन्हाळ्यात तिने मला आपल्या पहिल्या वाफ्यावरचा पाला उचलून दाखवला. खाली काळी भुसभुशीत माती, तिच्यात बुरशीचे पांढरे धागे, आणि गांडुळं तर विचारू नका. त्या वर्षी मी तिच्याकडून बादलीभर माती विरजणासारखी मागून नेली. हळूहळू सगळ्या डोंगराने नेली.

त्या मातीत काय यायचं ते तुम्हाला कळलंच असेल. आम्ही कोणी गांजा हा शब्द उच्चारत नसू. "बाग कशी आहे?" एवढंच विचारायचं. ऑगस्ट उजाडला की पोलिसांचं हेलिकॉप्टर यायचं, मग सगळ्या डोंगरावर वायरलेसवरून एकमेकांना सांगायची धांदल, पोरांना घेऊन झाडांखाली दबून बसणं. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा पोरांच्या तोंडावर हात दाबून धरायचो. आणि तरी सांगते, ते दिवस मला परत मिळाले तर मी हेलिकॉप्टरसकट घेईन.

ओरिन तिच्याकडे पाण्याची नळी टाकायला आला आणि राहूनच गेला. देखणा, बोलघेवडा आणि महाउतावळा. चहा उकळायच्या आधी प्यायचा. फुलं पिकायच्या आधी कापायचा, आणि वर हेलिकॉप्टरच्या नावाने बिल फाडायचा. मार्लिस त्याला म्हणायची, तू आईच्या पोटातून पण वेळेआधीच आला असशील. तो म्हणायचा, हो, सातव्या महिन्यात, तुला कोणी सांगितलं? आणि ते खरंच होतं.

याच उतावळेपणापायी त्याने एकदा पहिला वाफा मारला. शेजारच्या डोंगरावर बाटलीतल्या निळ्या खताने मनगटाएवढी फुलं आली, असं कोणीतरी सांगितलं. झालं. मार्लिस आईला भेटायला मिनेसोटाला गेली होती. याने बाटली आणली आणि लिहिलं होतं त्याच्या दुप्पट ओतली. ती परत आली तेव्हा गांडुळं वर येऊन सुकून पडलेली. तिने पिशवी तिथेच टाकली. गुडघ्यांवर बसून एकेक गांडूळ वेचलं. ओरिन त्यानंतर थंडी पडेपर्यंत व्हॅनमध्ये झोपला. मीठ, ती मला म्हणाली, हे सगळं शेवटी मीठच असतं लोईस, आणि मीठ लागलं की माती मरते. त्या वाफ्यात जीव यायला मग कितीतरी वर्षं लागली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापल्या वाफ्यातली माती बादल्यांनी परत तिच्याकडे नेऊन दिली.

सुगीला आम्ही तिच्या मोठ्या टेबलाभोवती बसायचो. फुलं छाटायच्या कात्र्या, चिकट बोटं, मसुराचं सूप आणि डोंगरभरच्या चहाड्या. तिथे ओरिनने एकदा जाहीर केलं, "हा वाफा मी मारला होता, तर मी मेलो की मला यातच घाला. ऑक्टोबरात परत येतो, मग बसा ओढत मला." सगळे हसले. त्यांची मुलगी टॅन्सी तेव्हा टेबलाखाली मांजराशी खेळत होती. तीही हसली. पुढे दर वर्षी कोणीतरी त्याला त्यावरून डिवचायचं आणि तो पुन्हा शपथ घ्यायचा.

मग कायदा झाला, परवाने आले, ज्याची भीती बाळगून जगलो ते उजळ माथ्याने करता यायला लागलं, आणि भाव असा कोसळला की डोंगर रिकामा झाला. वीस घरांतली आता किती उरलीत ते मी मोजत नाही. टॅन्सी कधीच पोर्टलंडला गेली होती. ओरिन गेला तो जानेवारीत, पूर आलेल्या ओढ्यातला पंप एकट्याने ओढून काढताना. कोणाला हाक मारली असती तर दोन माणसं सहज मदतीला आली असती. पण थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

त्याच्यासाठी जमलो तेव्हा डोंगर सोडून गेलेली माणसंसुद्धा परत आली होती. गाणी झाली, प्रत्येकाने त्याची एकेक गोष्ट सांगितली, आणि मग सगळे चालत पहिल्या वाफ्यापाशी गेलो. टॅन्सीने राखेच्या खोक्याचं झाकण उघडलं. मार्लिसने त्यावर हात ठेवला.

"इथे नाही घालायचं."

टॅन्सीला वाटलं, आईला दुःख अनावर झालंय. तिने तिला जवळ घेतलं. मार्लिस तिच्या मिठीतून मोकळी झाली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "यात सगळं मीठ आणि चुना आहे. खोकंभर ओतलं तर वाफा आठवड्यात मरेल."

"आई, ते बाबा आहेत. चुना काय म्हणतेस?"

"मला माहीत आहे ते कोण आहेत."

"सगळ्या जगासमोर त्यांनी सांगितलं होतं. तुझ्यासमोर सांगितलं होतं."

"त्याने निळी बाटली पण माझ्याच वाफ्यात ओतली होती," मार्लिस म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही ओतू देणार."

ती खोकं घेऊन घरात गेली. केलेलं जेवण तसंच राहिलं. टॅन्सी त्याच संध्याकाळी निघाली. जाताना मला म्हणाली, "लोईसमावशी, तिने जन्मभर आमच्यापेक्षा त्या मातीला जपलं." मी तिची समजूत घातली नाही. मला काही वेगळं वाटतच नव्हतं.

शिशिर संपत आला तेव्हा लेंड्यांची पोती घेऊन मी मार्लिसकडे गेले. ती ओसरीवर बसली होती, पुढ्यात इनॅमलचं मोठं घमेलं, त्यात पावसाचं पाणी आणि तळाला करड्या रंगाचा गाळ. मी विचारलं, हे काय नवीन मुरत घातलंस? ती म्हणाली, ओरिन.

मी पोती खाली टेकवली आणि तिच्याशेजारी बसले. ती शांतपणे सांगत होती की, मीठ पाण्याने निघतं, पण वेळ लागतो, पाणी बदलत राहावं लागतं. निथळलेलं पाणी ती बादलीने नेऊन रस्त्यातल्या खड्ड्यांत ओतायची. हे खड्डे भरतो भरतो म्हणत त्याने वर्षानुवर्षं काढली, आता भर म्हणावं, असं ती म्हणाली. मीठ गेलं की ओकच्या कुजलेल्या पाल्यात कालवून ठेवायचं, पाल्याच्या आंबटपणाने चुन्याचा जोर मोडतो. मग कुठे ते मातीला देण्याजोगं होणार. बोलता बोलता तिने घमेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अजून खारट आहे," ती म्हणाली.

"अगं मार्लिस, तो ओरिन आहे!"

"मग? मला काय त्याची चव नवीन आहे?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. तीही हसली, आणि आम्ही पाऊस बघत बसलो. मी तिला म्हटलं, हे त्या दिवशी सगळ्यांना सांगायचं होतंस. ती म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांना रडायची घाई होती, कोण ऐकणार होतं? टॅन्सीला तरी सांग, मी म्हटलं. टॅन्सी फोन उचलत नाही, ती म्हणाली.

तो फोन मग मी केला. टॅन्सीने सगळं ऐकून घेतलं, घमेल्याचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. नंतर आईशीही बोलली, पण एका अटीवर. घर विकायचं, एकटीने डोंगरावर राहायचं नाही, पोर्टलंडला तिच्याकडे यायचं. एक गिऱ्हाईक तिने बघूनही ठेवलं होतं, ते वाफे सपाट करून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार होतं. मार्लिसने ते ऐकून घेतलं आणि शब्द दिला, ओरिनचं झालं की येते. मी तिथेच उभी होते. मला वाईट वाटलं, पण तिचं वयही दिसत होतं, गुडघेही दिसत होते. ती गेली की डोंगराच्या या बाजूला मी आणि शेळ्या, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

एप्रिलमध्ये टॅन्सी आली ती गाडीचा मागचा भाग रिकामा करूनच. आईचं सामान त्याच दिवशी न्यायचं ठरलं होतं. मार्लिसने घमेलं वाफ्यापाशी आणून ठेवलं. आतलं आता राखेसारखं दिसतच नव्हतं. काळसर, ओलसर, रानातल्या पाल्याचा वास येणारं. तिने वाफ्यावरचं आच्छादन एका कोपऱ्यात बाजूला केलं, घमेल्यातून एक मूठ उचलली आणि टॅन्सीच्या हातात दिली.

टॅन्सीने हाताकडे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच. जास्त झालं तर गांडुळांना सोसायचं नाही."

"आणि बाकीचे बाबा?"

"पुढच्या वसंतात एक मूठ. मग त्याच्या पुढच्या."

टॅन्सीला कळायला थोडा वेळ लागला. मलाही लागला. मग तिचा चेहरा लाल झाला.

"आई, तू मला शब्द दिला होतास. बाबांचं झालं की येते म्हणाली होतीस."

"झालं की येणारच आहे. मी कुठे नाही म्हणते?"

"गाडी रिकामी करून आलेय मी. त्या गिऱ्हाइकाला काय सांगू? किती वर्षं चालणार हे?"

मार्लिस घमेल्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

"लहान मूठ घेतली," ती म्हणाली, "तर मी असेपर्यंत पुरेल."

टॅन्सी बंद मूठ छातीशी धरून उभी होती, रडत होती आणि डोळे पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता. मग ती वाकली. मुठीतली निम्मी माती तिने जपून परत घमेल्यात टाकली, आणि उरलेली वाफ्यात सोडली.