दहापैकी दहा

ती घटना आठवली, की आजही हातातला चहा निवून जातो. नव्वदच्या दशकात मी घनसावंगी भागात उपनिरीक्षक होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एका खेड्यातल्या खासगी दवाखान्यात एक बाई दगावली. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली आणि तपास माझ्याकडे आला.

पहाटे जमिनीवर झोपलेली असताना तिला काहीतरी चावले होते. गावातल्या एकमेव जीपमध्ये घालून नवऱ्याने तिला सातच्या सुमारास दवाखान्यात आणले. पोट दुखत होते, पापण्या मिटत होत्या, सूज मात्र कुठेच नव्हती. डॉक्टरांनी पोटदुखीचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले. दुपारी बाराला ती गेली. शवविच्छेदनात सर्पदंश निघाला.

जबाब देताना नवरा रडला नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "साहेब, वाचली असती का ती? तेवढं सांगा. मला दुसरं काई नको."

"बघतो," मी म्हणालो. पोलिसाच्या तोंडचे हे उत्तर मला कधीच आवडले नाही.

डॉक्टर मात्र ताठ. त्यांनी भिंतीवरची चौकट काढून माझ्यासमोर ठेवली. सर्पदंशाच्या उपचारांवर डॉक्टरांसाठी झालेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र होते, तीनच महिन्यांपूर्वीचे. "आता तुम्ही मला शिकवणार का?" त्यांनी विचारले.

मी जालन्याला जाऊन ते प्रशिक्षण भरवणाऱ्या वयस्कर डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सगळी फाईल काढून दिली. हजेरीपटावर सह्या पूर्ण. अभिप्रायाच्या फॉर्मवर प्रश्न काय, तर हॉल कसा, जेवण कसे, वक्ते कसे. झाडून सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलेले. शेवटी घेतलेल्या पेपरात आमच्या डॉक्टरांना दहापैकी दहा! सहाव्या उत्तरात लिहिले होते : 'मण्यार चावल्यास सूज येत नाही. पोट दुखते, पापण्या पडतात. वेळ न घालवता लस असेल तिथे पाठवावे.'

म्हणजे या माणसाला सगळे माहीत होते आणि तरी त्याने बाई मरू दिली? माझे डोके फिरले.

परतल्यावर तो जीपवाला घनसावंगीच्या स्टँडवर भेटला. प्रशिक्षणाचे नाव काढताच तो हसला. "कुठलं टरेनिंग, साहेब? त्या दिवशी डॉक्टर माझ्याच जीपमधी शहागडला लग्नाला गेल्ते. जेवून खाऊन सांजच्याला परतलो आमी."

मी पेपर आणि दवाखान्याचे रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवले. अक्षर एकच होते, कंपाउंडरचे. पन्नाशी उलटलेला माणूस, निम्मे आयुष्य त्याच दवाखान्यात गेलेले. ठाण्यात बोलावले. खोटे बोलणारा न विचारता दहा गोष्टी सांगतो, हा नुसता फरशीकडे बघत होता. मी पेपर पुढे सरकवला.

"म्याच लिवला," तो म्हणाला. "डॉक्टर म्हनले, माझ्या नावानं सही कर अन् बसून ये. बसल्तो. लई चांगलं शिकवलं, साहेब. सगळं ध्यानात राह्यलं."

"मग त्या सकाळी?"

"पापण्या बघूनच वळखलं म्या. म्हनलं, घनसावंगीला पाठवू, तिथं लस हाय. तर म्हनले, डॉक्टर तू का मी? नवरा भायेरच व्हता. त्याला सांगितलं असतं तर टरेनिंगचं उघडं पडलं असतं, नोकरी गेली असती. मंग गप सलाईन बदलत राह्यलो." आणि तो हमसून रडला. मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

मी त्या डॉक्टरांवर दोषारोपपत्र पाठवले. खटला रेंगाळत राहिला. जालन्याच्या त्या डॉक्टरांनी मात्र मनाला लावून घेतले. पुढच्या प्रशिक्षणापासून चेहरा ओळखून पेपर दिला आणि दोन महिन्यांनी स्वतः दवाखाने हिंडून रुग्णांवर काय उपचार झाले ते तपासू लागले. "जेवण कसं होतं हे विचारत बसलो. रोगी वाचला का, हे कधी विचारलंच नाही," ते मला म्हणाले. आमच्या खात्याच्या उजळणी वर्गात मीही दुपारची सही सकाळीच ठोकून निघून गेलेलो होतो. त्यानंतर पुन्हा कधी तसे केले नाही.

नवऱ्याला उत्तर द्यायचे राहिले होते. मी त्याच्या शेतावर गेलो आणि काही न लपवता सांगितले. खात्री देता येत नाही, पण वेळ हातात होता आणि खोलीतल्या एकाला उपाय ठाऊक होता.

त्याने समोरच्या बोंडातला कापूस वेचून झोळीत टाकला.

"जीप दारातच व्हती, साहेब," तो म्हणाला. "लागली तर असू दे म्हनून बारा वाजेपत्तर मीच थांबवून ठिवल्ती."