खिचडी खाऊन पाहिलेला चीन

ताट समोर आलं की काका आधी चष्मा काढायचे. मग वाफेवर वाकून एक लांब श्वास घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे नव्हे." त्यानंतरच जेवायला सुरुवात. क्युपर्टिनोतल्या निम्म्या चिनी हॉटेलांत त्यांना त्यावरूनच ओळखायचे.

असे काका तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेत मुलाकडे राहायला आलेले, पायात सुनेने घेतलेले पांढरेशुभ्र बूट, पार्कात भेटेल त्याला "पुण्याचे का?" असं विचारणारे. हे आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. बँकेतून निवृत्त, पक्के शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसणाचंही वावडं. त्यामुळे त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं.

"अगं, बाबांना चायनीज खायचंय. तेही ऑथेंटिक! आमचा सॅटर्डे मुलांच्या क्लासेसमध्ये जातो. तू ड्राइव्ह करशील का, प्लीज?"

मी खाण्यावर जीव टाकणारी बाई. लगेच हो म्हटलं.

पहिल्याच शनिवारी कारण कळलं. काकू वारल्या त्याच्या दोन वर्षं आधी दोघं चीनला जाऊन आले होते. दहा दिवस, पाच शहरं, मराठी टूर, बरोबर आचारी. बीजिंगला पिठलं-भात, शांघायला साबुदाण्याची खिचडी, बुलेट ट्रेनमध्ये डब्यातले मेथीचे पराठे. "एवढा देश पालथा घातला, पण तिथलं मीठसुद्धा जिभेला लागू दिलं नाही," काका म्हणाले. एके काळी हे ते अभिमानाने सांगत असणार. तर त्या प्रवासात एका स्टेशनबाहेर एक हातगाडी होती. तिच्यावर वाफा येत होत्या, काडीला लावलेलं काहीतरी पांढरं होतं आणि वर लाल. काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "काय असेल हो ते?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गाडीची वेळ झाली होती. राहून गेलं. तिला उत्तर द्यायचं राहिलंय. ते काय होतं एवढं कळलं की मी मोकळा."

शहर कुठलं, ते त्यांना आठवेना. कसं आठवणार? त्यांच्या जिभेच्या लेखी पाचही शहरं खिचडीचीच होती.

म्हणून आम्ही एकेक प्रांत घ्यायला लागलो. सिचुआनवाल्यांकडे तिरफळासारख्या मिऱ्यांनी काकांचे ओठ बधिर झाले. "दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय," म्हणाले. शांघायवाल्यांची गोडसर वांगी त्यांना आवडली. बीजिंगवाल्यांकडे टांगलेली बदकं दिसताच ते भिंतीकडे तोंड करून बसले. मुलाच्या ऑफिसातल्या कुणीतरी चिनीत लिहून दिलेली 'मांस नको, अंडं नको' अशी चिठ्ठी ते सगळीकडे पुढे करायचे आणि मग हातांनी चित्रं काढायचे. "व्हाइट. स्टीम. स्टिक." कुणी पाव आणला, कुणी भाताचे गोळे, एकाने चक्क काडीचं आइस्क्रीम.

हसायचो आम्ही. पण एकदा वेट्रेस पाठमोरी झाली आणि काका डावीकडे वळून हळूच म्हणाले, "विचारतो गं, थांब जरा."

मी काहीच बोलले नव्हते. शिवाय मी त्यांच्या उजव्या हाताला बसले होते.

शेवटी शिआन नावाच्या चिनी शहरातल्या पदार्थांचं एक छोटंसं हॉटेल सापडलं. मालकीणबाईंनी काकांचे हातवारे पाहिले, खुदकन हसल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या एक इवलासा लाकडी साचा घेऊन. त्यातून त्यांनी वाफाळती, वाटोळी, पांढरी चकती काडीवर उचलली. वर लाल गुलकंदासारखं काहीतरी होतं.

काका वाकले नाहीत. नुसते बघत राहिले.

"मीट?" त्यांनी विचारलं.

"नो मीट. राइस. शुगर. रोझ."

"ओन्ली राइस?"

"ओन्ली राइस," बाई म्हणाल्या.

काकांनी ते सगळं खाल्लं, सावकाश, कणही न सांडता. सुटले बाई एकदाचे, असं मला वाटलं.

गाडीत बसल्यावर सीटबेल्ट हातात धरून ते थांबले.

"गाडीची वेळ झाली नव्हती," ते म्हणाले. "चांगला अर्धा तास होता. तिनं ते विकत घेतलं होतं. तोंडापर्यंत नेलं होतं. मी सगळ्या ग्रुपसमोर ओरडलो, काय घालतात त्यात ठाऊक आहे का म्हणून. तिच्या हातातून ओढून घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं." मग सीटबेल्ट लावला आणि म्हणाले, "नुसते तांदूळ होते गं."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून कीवही आली. मी गाडी सुरू केली.

पुढच्या शनिवारी फोन केला तर म्हणाले, "आता कशाला?" त्यानंतर ते कुठेच आले नाहीत. पार्कातल्या फेऱ्याही बंद झाल्या. हिवाळ्यात झोपेतच गेले. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, किती शांत मरण आलं. मी मान डोलावली.

मी चीनला कधी गेलेले नाही. काकूंना मी कधी पाहिलेलंही नाही. तरी ते स्टेशन मला दिसतं. टूरवाले सगळे पुढे निघून गेलेले असतात, काकाही. काकू एकट्याच तिथे उभ्या असतात, आणि त्यांचा हात अजून काडी धरल्यासारखा तोंडाजवळच असतो.