मास्तरांचा टेनर

आमच्या गावात इवाल्दो बेर्गोन्झींना नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको नीवेस. बाकी सगळ्यांचे ते मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी पाचवीपर्यंत शिकवलं होतं, मलाही. पुढे मी औषधांच्या दुकानात लागले, चाळिशीला आले, तरी रस्त्यात ते दिसले की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

शाळा सुटल्यावर ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि आम्हा वीसेक जणांच्या गाण्याच्या तालमी घेत. संगीताचे पंडित नव्हते, पण चिकाटी भारी. एका वर्षी फादर ओत्तोरीनोंनी वस्त्रांचं जुनं कपाट साफ करायला काढलं, तेव्हा तळाशी चार अरुंद पुस्तकं सापडली. चारशे वर्षांपूर्वी आमच्या मठात फ्रा जेर्वाझो नावाचे एक साधू राहत. त्यांनी पाच आवाजांसाठी रचलेली एकवीस स्तोत्रं त्यांत होती. त्या काळी प्रत्येक आवाजाचं पुस्तक वेगळं असे. पाच गायक, पाच पुस्तकं. त्यातलं पाचवं, टेनरचं, कुठेच नव्हतं. टेनर म्हणजे मधला आवाज. वरच्यांना खालून आणि खालच्यांना वरून धरणारा. तो नसला की दात पडलेल्या माणसाचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं. कळतं, पण हवा निसटते.

मास्तरांनी तो मधला आवाज लिहून काढायचं मनावर घेतलं. अकरा हिवाळे लागले. आमच्याकडे नोव्हेंबर लागला की पो नदीवरून धुकं चढतं ते फेब्रुवारीपर्यंत उतरत नाही. त्या दिवसांत मास्तर शेगडीजवळ टेबल ओढून बसत. नीवेस सॉसेजच्या कारखान्यातून यायची, थंडीने लाल झालेले हात चुलीवर शेकायची, आणि सूप ढवळता ढवळता त्यांनी लिहिलेलं गाऊन दाखवायची. तिचा आवाज पुरुषासारखा खर्जातला होता.

"हे नको, इवाल्दो," ती म्हणायची. "एवढी मोठी उडी? तुझा साधू माणूस होता की बोकड?"

मास्तर खोडून पुन्हा लिहीत.

सान बियाजो हा गळ्याचा रखवाला संत. फेब्रुवारीत त्याच्या सणाला फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात. त्याच दुपारी मास्तरांनी पहिली मैफल ठेवली. चर्च गारठलेलं, सगळे कोट घालून बसलेले. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मुलांकडून अंड्याच्या बलकात रंग खलून जुन्या पद्धतीची चित्रं काढून घेतली होती, ती दोन्ही भिंतींना लावली. शेजारच्या गावांतूनही माणसं आली. टेनरच्या रांगेत चार पुरुष आणि मधे नीवेस.

"काय गं, दाढी नीट केलीस ना?" मागून गुएर्रीनोने विचारलं. हा आमचा बेकरीवाला, खर्जात गायचा.

"केली की. तुझ्या बायकोचा वस्तरा उसना आणला होता."

फादर वळून बघेपर्यंत आम्ही हसत होतो. मग मास्तरांनी हात वर केला, आणि पाची आवाज एकदम निघाले. लहानपणापासून ज्या भिंतींना मी कंटाळले होते, त्यांतून काहीतरी बाहेर येतंय असं वाटलं.

पुढे दरवर्षी ती मैफल होऊ लागली. हिवाळ्यात आमच्याकडे यायला लोकांना तेवढं एक कारण मिळालं.

काही वर्षांनी नीवेसला छातीचा आजार जडला. जिना चढताना ती मधे थांबायची आणि पुढच्या पायरीला शिव्या द्यायची. गाणं सोडायला तयार नव्हती. नवव्या स्तोत्रात प्रकाशावरचं एक लांबलचक वाक्य आहे. त्यात ती अर्ध्यावर तुटायला लागली. पुढच्या तालमीला मास्तरांनी टेनरवाल्यांना नवे कागद वाटले. त्या वाक्याच्या मधोमध त्यांनी एक थांबा घातला होता. कुणी काही विचारलं नाही. चारही पुरुष नीवेसबरोबर तिथे थांबत, श्वास घेत आणि पुढे जात. तसं ती आणखी चार हिवाळे गायली. चौथ्या मैफलीनंतर महिन्याभरात गेली.

मास्तरांनी त्यानंतरही तालमी चुकवल्या नाहीत. नीवेसच्या जागी गावातला म्हातारा सेत्तीमिओ उभा राहू लागला. मास्तर पूर्वीसारखेच हात हलवत, रागावत, पेन्सिल आपटत. फक्त नवव्यातला तो थांबा आला की टेनरवाल्यांकडे बघत नसत.

पाच वर्षांनी ऑक्टोबरात डॉक्टर लिवियाना नावाच्या एक संशोधक बाई आल्या. स्टेशनवरून त्यांना मीच गाडीने आणलं. डोंगरापलीकडच्या एका शहरातल्या ग्रंथालयात, कायद्याच्या जाड पुस्तकाबरोबर बांधलेलं, टेनरचं हरवलेलं पुस्तक त्यांना सापडलं होतं.

"मास्तर, तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे," त्या म्हणाल्या आणि पानांचे फोटो टेबलावर मांडले.

मास्तरांनी चष्मा पुसला. तासभर ओठांतल्या ओठांत गुणगुणत एकेक पान उलटत राहिले. मी कॉफी केली, ती निवून गेली. एकदा त्यांनी मला हाक मारली. "ओर्नेल्ला, हे बघ! इथे मी बरोबर होतो. सुराला सूर." लहान मुलाला पैकीच्या पैकी मार्क मिळावेत तसा चेहरा झाला होता. पुढच्या पानांवर तसं काही झालं नाही.

"एक विचारू?" लिवियानाबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "नवव्यात तुम्ही वाक्य मधेच तोडलंय. त्या काळी असं कुणी तोडत नसे. कशाचा आधार होता?"

"आधार नव्हता," मास्तर म्हणाले. "माझ्या बायकोला तिथे दम लागायचा."

बाईंची पेन्सिल थांबली. "माफ करा. मला माहीत नव्हतं."

"माफी कसली? विचारलंत ते बरंच केलंत. तुमच्या साधूचं वाक्य सरळ जातं. ते तसंच जायला हवं."

निघताना त्यांनी मास्तरांची वही अभ्यासाला मागितली. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "खऱ्याबरोबर खोटं कशाला वाहून नेता?"

तालमीत मात्र भांडण पेटलं.

"चारशे वर्षं त्या पुस्तकाने कुणाला विचारलं नाही," गुएर्रीनो तावातावाने म्हणाला. "आपलं काय वाईट चाललं होतं?"

"आपलं नव्हतं ते, गुएर्रीनो. ज्याचं त्याला परत करायचं."

"मग तुमचं?"

"माझं जागा भरण्यापुरतं होतं."

नवे कागद मास्तरांनीच सुवाच्य अक्षरात उतरवून दिले आणि जुने सगळ्यांकडून मागून घेतले. मी म्हटलं, "एक तरी प्रत घरात ठेवा." ते म्हणाले, "दोन ठेवल्या की माणूस चुकीची उचलतो." कोपऱ्यावरच्या रद्दीच्या डब्यात त्यांनी तो गठ्ठा माझ्यासमोर टाकला. वहीही.

त्या वर्षीच्या मैफलीला टीव्हीवाले आले. भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: चारशे वर्षांनी खरा टेनर. दिग्दर्शनाला संगीत विद्यालयातला एक तरुण बोलावला होता, आमचे टेनरवाले थकले होते म्हणून त्याने आपले तीन टेनर आणले. मास्तर तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले. माझ्या ओळीत एकही सूर बदललेला नव्हता. तरी शेजारून काहीतरी अनोळखी वाहत होतं आणि मी दोनदा चुकले. नवव्यात ते वाक्य आलं. कुणी थांबलं नाही. मी मास्तरांकडे बघितलं. त्या जागी त्यांचं तोंड किंचित उघडलं, छाती वर आली, आणि त्यांनी एकट्यानेच श्वास घेतला.

शेवटी ते उठून लिवियानाबाईंपाशी गेले, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून अभिनंदन केलं. घरी सोडायला मी बरोबर चालत गेले.

"मास्तर, खरं सांगा. वाईट वाटलं ना?"

थोडं पुढे जाऊन ते म्हणाले, "साधूचं चांगलं आहे, ओर्नेल्ला. माझ्याहून पुष्कळच चांगलं आहे. तेच तर."

त्यानंतर ते तालमीला आले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगत. औषधं द्यायला मी जायचे तेव्हा खिडकीशी बसलेले असत, रेडिओ बंद. पुढच्या जूनमध्ये एका सकाळी फादरना ते खुर्चीतच सापडले.

अंत्यविधीला नववं स्तोत्र मास्तरांच्या पद्धतीने गायचं असं गुएर्रीनोने ठरवलं. आम्ही त्यांचं घर शोधलं, चर्चमधली कपाटं शोधली. एकाच्या मोबाइलवर जुन्या मैफलीतले वीस सेकंद निघाले. त्यात कुणीतरी खोकत होतं. जुन्या टेनरवाल्यांत एकटा सेत्तीमिओ उरला होता, तोही आता वृद्धाश्रमात. त्याने फोनवर चार सूर म्हटले आणि मग भलत्याच गाण्यात शिरला. शेवटी आम्ही साधूचंच गायलो. तीन टेनर विद्यालयातून आले होते. गाणं बिनचूक झालं.

सगळे गेल्यावर गुएर्रीनो चर्चच्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी बसला. पिठाचे हात त्याने विजारीला पुसले.

"तू तुझी ओळ म्हण," तो म्हणाला. "मी माझी म्हणतो. मधलं आठवतं का बघू."

आम्ही म्हटलं. पुन्हा म्हटलं. बेकरी पुन्हा उघडायची वेळ होऊन गेली तरी म्हणत राहिलो. मधलं काही आठवलं नाही.