परवानगी

स्टुडिओच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही मोजकी माणसं माहितीपट पाहत होतो. आमच्या तबलावादक अण्णांच्या उपचारांसाठी झालेल्या मैफलीवरचा. मैफलीच्या वेळी अण्णा इस्पितळात होते. आज ते शाल पांघरून माझ्या शेजारी बसले होते.

पडद्यावर गायिकेने तानपुरे जुळवून घेतले. गाण्याआधी ज्येष्ठांची परवानगी मागायची रीत, म्हणून तिने अण्णांसाठी रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीला हात जोडले. "अण्णा, सुरू करू?"

मैफलीत मला हे नाटकी वाटलं होतं. रिकामी खुर्ची काय बोलणार? पण काही प्रश्न उत्तराची घाई न करता नुसते विचारून ठेवायचे असतात.

अंधारात शेजारी अण्णांचा हात वर झाला.

"हं. कर बाळ, सुरू कर."

मगच पडद्यावर तिने सा लावला.