डावखुरीचा स्वयंपाक

स्वयंपाकाच्या टिपा सांगणाऱ्या सगळ्या बायका उजव्या हाताच्या असतात. मोबाईलवर बघा, पेपरच्या पुरवणीत बघा. सुरी अशी धरा, लाटणं असं फिरवा, पळी अशी ओता. आमच्यासारख्यांनी काय आरशात बघून स्वयंपाक करायचा? मी डावखुरी आहे. बेलापूरची लेक, सोनईची सून, आणि लग्न झाल्यापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याच हातचा. मला हव्या होत्या तसल्या टिपा कुणी दिल्या नाहीत, म्हणून माझ्या मीच शोधल्या.

दुधाच्या पातेल्याचंच घ्या. त्याची चोच उजव्या हातानं धरणाऱ्यांसाठी काढलेली असते. डाव्या हातात धरलं की ती भलत्याच बाजूला जाते आणि दूध कपात कमी, ओट्यावर जास्त. उपाय सोपा आहे. पातेल्याच्या काठाला चमचा टेकवायचा आणि त्याच्या पाठीवरून दूध सोडायचं. धार चमच्याला धरून खाली उतरते, थेंब सांडत नाही. विळीचंही तसंच. बाकीच्या बायका विळीच्या पाटावर उजवा पाय दाबून बसतात. मी डावा दाबते आणि डाव्या हातानं भाजी पात्यावर रेटते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, माझं बोट मात्र आजवर कापलेलं नाही. हट्टी झाकणाची बरणी दोन गुडघ्यांत धरावी आणि झाकणावर ओलं फडकं टाकून पिळावं. उघडते म्हणजे उघडतेच.

हे सगळं मी हौसेनं शिकले असं समजू नका. माझ्या सासूबाईंमुळे शिकले. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात घरात पाहुण्यांची पंगत बसली होती. मी आमटीची पळी डाव्या हातात घेऊन वाढायला निघाले, तर आत्याबाईंनी भर पंगतीत माझं मनगट धरलं. पळी काढून घेतली आणि उजव्या हातात कोंबली. “डाव्या हातचं माज्या घरात कुनी खानार न्हाई,” म्हणाल्या. पंगतीतले चार जण हसले. मी मान खाली घालून उजव्या हातानं वाढत गेले आणि एका काकांच्या धोतरावर आमटी सांडली. त्याचीही बोलणी मीच खाल्ली.

तेव्हापासून घरात कायदाच झाला. चुलीपाशी काय करायचं ते कर, पण वाढायचं उजव्या हातानं. जेवायचंही उजव्याच हातानं. नैवेद्याच्या ताटाला तर मी हातच लावायचा नाही, कारण माझा काही भरवसा नाही, कधी डावा पुढे येईल सांगता येत नाही. आत्याबाईंच्या समोर बसून उजव्या हातानं जेवताना माझा घास निम्मा ताटात पडायचा. जेवण उरकायला मला सगळ्यात उशीर लागायचा, त्यावरून मी लई खाते अशीही बोलवा झाली. वर गंमत बघा. जेवताना आमटी हवी असली की हीच सगळी माणसं डाव्या हातानं पळी धरून वाढून घेतात, कारण उजवा खरकटा असतो. तेव्हा डावा चालतो. फक्त माझा चालत नाही.

या सगळ्यावर एक उत्तर माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून होतं. पण नव्या सुनेनं तसलं बोलायचं नसतं, म्हणून गिळलं. पुढे नवी राहिले नाही तरी ते गिळलेलंच राहिलं.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि एका सकाळी तुरीच्या शेंगा सोलता सोलता आत्याबाईंच्या हातातून शेंग गळाली. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. नगरच्या दवाखान्यात नेलं, वाचल्या. बोलणं जरा जड झालं, पण टोचून बोलण्यापुरतं शाबूत राहिलं. पाय हळूहळू उचलायला लागल्या. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आणि मला स्वच्छ सांगितलं होतं, उजव्या हाताचा व्यायाम चालू ठेवा, पण तो कधी चालेल याची खात्री नाही. तोवर डाव्या हातानं कामाला लावा. नुसत्या पडून राहिल्या तर पडूनच राहतील.

आत्याबाई डावा हात ताटाला लावायला तयार नव्हत्या. माझी नणंद, म्हणजे त्यांची थोरली लेक, येऊन राहिली होती, ती चमच्यानं भरवायची. अख्ख्या घराला, सालगड्यांना आणि पाहुण्यांना आयुष्यभर रांधून घातलेली बाई, लहान पोरासारखं तोंड उघडून बसायची. चार घास झाले की ओठ मिटायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. गळ्याची हाडं दिसायला लागली. नणंद घरी जायला निघाली तेव्हा चमचा माझ्या हातात देऊन म्हणाली, आता तू भरवत जा.

मी भरवणार नाही म्हटलं.

घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नणंद रडत गेली. नवऱ्यानं विचारलं, सूड उगवतेस का? मी म्हटलं, थोडासा असेलही, देव नाही मी. पण भरवून भरवून ती बाई आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललीय, आणि ते मला बघवत नाही. डॉक्टरांचं बोलणं तुम्हीही ऐकलंय. ते माझ्यावर गुरगुरत राहिले.

त्या दुपारी मी दोन ताटं केली. आत्याबाईंच्या ताटाखाली ओलं फडकं चार पदरी घालून ठेवलं, म्हणजे ताट सरकत नाही. एका हातानं जेवणाऱ्याचं निम्मं भांडण सरकत्या ताटाशीच असतं. ताट उभ्या काठाचं घेतलं, म्हणजे घास काठाला रेटून बोटांत येतो. भाकरी एका हातानं मोडत नाही, म्हणून ती आधीच मोडून आमटीत कुस्करली, मात्र थोडी कोरडी ठेवली, कारण सगळंच मऊ केलं की माणसाला आजारी असल्यासारखं वाटतं. मग समोर माझं ताट घेऊन बसले आणि त्या घरात पहिल्यांदा आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर डाव्या हातानं जेवायला लागले.

त्या बघत राहिल्या. जेवल्या नाहीत. रात्रीही नाही, फक्त दूध घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत दोन ताटं घेऊन बसले. नवरा दारात उभा, कपाळाला आठ्या. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. त्यांना काही झालं असतं तर गावानं मला जगू दिलं नसतं, आणि मीही स्वतःला माफ केलं नसतं. पण चमचा मी आणला नाही.

अखेर आत्याबाई बोलल्या. “त्यो हात कशाचा हाय, तुला ठावं न्हाई व्हय?”

तेव्हा मी इतकी वर्षं गिळलेलं बाहेर काढलं. म्हटलं, “आत्याबाई, तुमचा तो हात धुण्याचा. माझं उलटं आहे. मी डावखुरी, मी ते काम पहिल्यापासून उजव्या हातानं करते. आणि तुम्ही मला आजवर त्याच हातानं वाढायला लावलंत.”

दारातला नवरा खोकायला लागला. आत्याबाई माझ्या उजव्या हाताकडे बघत बसल्या, मग डाव्याकडे, मग परत उजव्याकडे.

“पंगतींना बी?” त्यांनी विचारलं.

“पंगतींना बी.”

“सोयऱ्यांना?”

“सगळ्यांना. साबण लावून.”

त्यांचा खांदा हलायला लागला. मला वाटलं रडतात, धावत गेले. पण त्या हसत होत्या, तोंडाच्या एकाच बाजूनं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं. हसू थांबल्यावर त्यांनी मला साबण मागितला. मी बादली आणि साबण पुढे केला. एका हातानं हात धुता येत नाही, म्हणून साबण ओल्या टॉवेलवर चोळून दिला आणि त्यांनी त्यावर हात घासला. मग कुस्करलेल्या भाकरीत डावी बोटं घातली. पहिला घास पदरावर पडला, दुसरा हनुवटीवर. तिसरा तोंडात गेला.

मी मदत केली नाही, नुसती समोर बसून जेवत राहिले.

त्यानंतर आमच्या घरात जी शाळा भरली तिच्यात मास्तरीण मी होते आणि विद्यार्थिनी भांडखोर. एका हातानं लसूण सोलायचा तर पाकळ्या मोकळ्या करून स्टीलच्या डब्यात घालायच्या आणि डबा जोरजोरात हलवायचा, सालं आपोआप सुटतात. आत्याबाईंनी डबा इतका बडवला की शेजारीण विचारायला आली. भाकरी एका हातानं जमली नाही, दोघींनी पीठ फार वाया घालवलं. मग थालीपिठावर आलो, कारण थालीपीठ मुळात एकाच हाताचं काम. थंड तव्यावर तेल सोडायचं, गोळा ठेवायचा, बोटं ओली करून तिथेच थापायचं, मधोमध भोक पाडायचं, झाकण घालायचं, मग गॅस पेटवायचा. तापल्या तव्यावर थापलं तर बोटं भाजतील, म्हणून तवे दोन ठेवायचे. एक गॅसवर असला की दुसरा गार होतो. दोन तव्यांची युक्ती माझी. आत्याबाई गावभर सांगतात की त्यांची.

विळीपाशी मात्र गोष्ट वेगळीच झाली. सुरीनं चिरायला दोन हात लागतात, एक धरायला, एक कापायला. विळीचं पातं आपलं उभंच असतं, एका हाताला पुरतं. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. उजव्या पायात जोर नव्हता, म्हणून पाटावर डावा पाय दाबायला सांगितला आणि वांगं डाव्या हातात दिलं. त्यांनी आधी बसून बघितलं, मग आपल्या पायाकडे आणि हाताकडे बघितलं. हे बसणं कुणाचं, ते त्यांना कळलं. याच बसण्यावरून त्यांनी मला चारचौघींत किती वेळा बोल लावले होते, त्याचा हिशेब नाही. त्यांनी वांगं चिरलं, फोडी लहानमोठ्या झाल्या, आणि त्या दिवशीच्या भाजीला कुणी नाव ठेवलं नाही.

माफी त्यांनी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. माझा राग अजून तसाच आहे, तो आजारपणामुळे धुऊन जात नसतो. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. ज्यांच्या मनगटाला कुणी धरलं नाही त्यांनी सोडावं.

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. पुरण मी वाटलं, पोळ्या मी लाटल्या. नैवेद्याची ताटं वाढायची वेळ आली तशी नणंद पदर खोचून पुढे झाली, दरवर्षीसारखी. आत्याबाई पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी लेकीला थांबवलं आणि हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. नणंद म्हणाली, अगं आई, तिचा हात. आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही.

मी पुढे झाले. वर्षानुवर्षांची सवय, चटणीचा चमचा आपोआप उजव्या हातात आला.

“त्यो नको,” आत्याबाई म्हणाल्या. “तुजा चांगला हात लाव.”

हे मला लग्नाच्या आठवड्यात ऐकायचं होतं, त्या पंगतीत, सगळ्यांदेखत. इतक्या उशिरा आलं म्हणून मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी आवरलं नाही. चमचा डाव्या हातात घेतला. देवीच्या ताटात वरच्या अंगाला लिंबाची फोड ठेवली, शेजारी चटणी वाढली आणि कोशिंबिरीला वाकले. नणंद अजून माझ्या डाव्या अंगाला खेटून उभी होती.

“वन्सं, जरा सरका,” मी म्हटलं. “माझा हात अडतोय.”