मागावरून उतरवलेले वस्त्र

लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्या बाईने एका कवितेविषयी तक्रार करावी, हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी.

ती कविता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एक विणकर एकच वस्त्र विणतो. आरंभीचा काठ बालपण, मधले अंग संसार, अखेरचा पदर वार्धक्य. शेवटच्या कडव्यात तो वस्त्र मागावरून उतरवतो आणि उतरवलेले वस्त्र पुन्हा मागावर चढत नाही, असे सांगून कविता थांबते. तिचा अर्थ आपल्याला कळला, असे मी समजत होते.

त्या पौषात विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून बंद होता, कॉलेजला कुलूप होते, म्हणून मी पेडगावला घरीच होते. वडिलांच्या, आमच्या दादांच्या, छातीत कफ भरला होता. एका दुपारी त्यांचा श्वास इतका मंदावला, की चुलत्यांनी त्यांना बाजेवरून खाली घ्यायला लावले. आमच्याकडे कोणाचाही प्राण बाजेवर जाऊ देत नाहीत. जमीन सारवली, घोंगडी अंथरली, तोंडात तुळशीचे पाणी घातले. दिवेलागणीला वडिलांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

चहा दिला, पण त्यांना परत बाजेवर घेण्याचे कोणी नाव काढीना. ओल्या सारवणाची थंडी घोंगडीतून वर येत होती. अखेर मी धीर केला.

"काका, दादांना वर घेऊ या ना. लय कुडकुडायलेत."

"एकदा खाली घेतलेला माणूस परत वर घेत न्हाईत, बाई. घराला बरं नसतंय. कॉलेजात हेच शिकवायलेत का तुला?"

मी मायकडे पाहिले. तिने पदर तोंडाशी नेला आणि ती चुलीकडे वळली.

ती बाज वडिलांनी स्वतः अंबाडीच्या सुतळीने विणली होती. आता तिच्यावर मांजर झोपू लागले.

"मला उतरवलं अन् मांजरीला चढवलं," वडील म्हणाले. "लय न्याय हाय तुमचा!"

सगळे हसले. हसून झाल्यावरही त्यांना कोणी उचलले नाही, आणि मला एकटीला ते उचलवत नव्हते. मी खाली कडबा पसरला, तेवढेच.

कॉलेज उघडल्यावर मी सरांना विचारले, की उतरवल्यानंतरही ज्याला थंडी वाजते, त्याचे या कवितेत काय होते?

"परीक्षेत असले काही लिहू नका," सर म्हणाले. "जीवनाची अटळ परिणती, एवढे पुरे."

कवीचे आणि चुलत्यांचे असे एकमत निघालेले पाहून माझा जळफळाट झाला. इतके रेखीव कडवे, आणि माझ्या वडिलांना त्यात त्यांचीच बाज मिळू नये!

फाल्गुनात ज्वारीची काढणी उरकली, तेव्हा ते गेले. जमिनीवरच.

"बघ, खाली घेतलेला माणूस परत वर जात न्हाई. मी म्हणलो नव्हतो?" चुलते म्हणाले.

अजूनही ती कविता वाचताना मी शेवटच्या ओळीपाशी अडते. तुम्ही तिथे असता, तर त्यांना परत बाजेवर घेतले असते का?